कार्लोसची खिडकी

आमचे सर दरवर्षी मार्चमध्ये राज्य सोडायचे आणि एप्रिलमध्ये पुन्हा कामावर रुजू व्हायचे. अल ऐनच्या ज्या भारतीय शाळेत मी शिकले तिथे हे शिपायापासून प्रिन्सिपलपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गल्फमध्ये तसंही प्रत्येक जण मनाने निघालेलाच असतो. सरांनी त्याचा जाहीर कार्यक्रम केला होता, एवढंच.

सर इतिहास शिकवत. पोर्शन संपला, उजळणी झाली की वर्षातला शेवटचा तास ते स्वतःसाठी राखून ठेवायचे. त्या तासाला ते स्पेनचा राजा कार्लोस व्हायचे. हा कार्लोस आमच्या पुस्तकात नव्हता, परीक्षेला येण्याचा तर प्रश्नच नव्हता. सोळाव्या शतकातला हा गृहस्थ स्पेनमध्ये पहिला कार्लोस होता आणि स्पेनबाहेरच्या साम्राज्यात पाचवा, म्हणून पोरांनी सरांचं नाव ‘द फिफ्थ’ ठेवलं होतं. अर्धा युरोप ताब्यात असलेल्या ह्या माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर एके दिवशी भर दरबारात सगळं मुलाच्या आणि भावाच्या हवाली केलं आणि तो एका मठाशेजारी घर बांधून राहायला गेला. सरांच्या मते जगाच्या इतिहासात शहाणपणाची गोष्ट ही एवढीच झाली.

काळा कोट घालून, राजासारखे गाऊटच्या सांधेदुखीने पाय सुजल्यासारखे लंगडत सर वर्गात यायचे. राजाने भाषणाच्या वेळी एका तरुण सरदाराच्या खांद्यावर हात टेकला होता, त्यामुळे सरांनाही एक खांदा लागे. आठवीत असताना तो माझा निवडला गेला. हात चांगलाच जड होता. सर एक एक देश मोजू लागले, नऊ वेळा जर्मनीत गेलो, सहा वेळा स्पेनला, सात वेळा इटलीला. मागच्या बाकावर खुसखुस चालली होती. मग सर म्हणाले, “आता थकलो. माझं ज्याच्या बाबतीत चुकलं असेल त्याने मला माफ करावं,” आणि सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला. मी वर पाहिलं तर सर खरोखर रडत होते. मला भयंकर लाज वाटली, सरांचीही आणि माझीही.

“बट सर, व्हाय डिड ही क्विट?” तास संपल्यावर मी विचारलं.

“क्विट नव्हे गं. क्विट पळपुटे करतात,” सर नाक पुसत म्हणाले. “ह्याला पोट भरायच्या आधी पानावरून उठता आलं. देअर इज अ डिफरन्स. आणि तरी त्याला उशीरच झाला. मठात जेमतेम दीड वर्ष मिळालं बिचाऱ्याला. मी एवढा उशीर करणार नाही. हे शेवटचं वर्ष. खलास.”

एप्रिलमध्ये प्रिन्सिपलबाई केबिनमध्ये बोलावून विचारायच्या, “सर, वन मोअर इयर?” आणि सर म्हणायचे, “ओके मॅडम, वन मोअर. इन्शाल्ला.” नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला ते हडप्पापासून सुरुवात करायचे.

मी घरी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची म्हणून आईने मला त्यांच्याकडे मराठीच्या शिकवणीला घातलं. सर म्हणाले, “अगदी कार्लोसवर गेली आहे. तोही परदेशात वाढला. स्पेनचा राजा म्हणून गेला तेव्हा त्याला धड स्पॅनिश येत नव्हतं. यल्ला, चल, बस. ‘ळ’ काढ.” त्या घरात मी ‘ळ’ काढायला शिकले आणि काकूंना भेटले.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी, सावंतवाडीकडच्या. मूलबाळ नव्हतं. बुटक्या, हसऱ्या आणि कुणालाही न भिणाऱ्या. त्यांच्या हॉलमधलं घड्याळ इथल्या वेळेचं होतं आणि स्वयंपाकघरातलं भारतातल्या. दोन्हींमध्ये दीड तासाचं अंतर. सर हॉलच्या घड्याळावर शाळेत जायचे, काकू आतल्या घड्याळावर जगायच्या. गावच्या देवळात आरती सुरू होते त्या वेळेला काकू अल ऐनच्या ओट्यापाशी हात जोडून उभ्या राहायच्या, आणि समोर असायचा मिक्सर. पुढे फोनवर माणसं दिसायला लागली तेव्हा त्यांनी मिक्सर हलवला. इथे व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, म्हणून देवळाच्या गुरवाला दुसरं एक ॲप घ्यायला लावलं. रोज सकाळी गुरव फोन घेऊन गाभाऱ्यात जायचा आणि काकू मसाल्याच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये आपला रवळनाथ पाहायच्या. दर्शन झालं की त्या हॉलकडे तोंड करून विचारायच्या, “कधी जावया गावाक?”

“जूनला,” सर पेपरातून मान वर न काढता सांगायचे. “ह्या जूनला नक्की.”

मला वाटतं, हे त्यांच्या घरातलं सकाळचं स्तोत्रच होतं. दोघंही ते न चुकता म्हणायची.

सर कंजूष नव्हते, लोभीही नव्हते. मग ते जात का नव्हते, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर बहुधा त्यांच्या गाडी चालवण्यात होतं. अल ऐनमध्ये तेव्हा पावलापावलावर राउंडअबाउट. सर आपली जुनी करोला घेऊन त्यात शिरले की पहिला फेरा नुसता मारायचे. कुठल्या रस्त्याने बाहेर पडायचं ते माहीत असायचं, तरी. “एकदा बघून घेतो,” म्हणायचे. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, काकू पदराने वारा घेत बसायच्या, आणि आम्ही दुसऱ्या फेऱ्याला बाहेर पडायचो. सर भित्रे होते. मार्चमध्ये मोठ्या आवाजात बोलणारा हा माणूस बाहेर पडायच्या रस्त्याला घाबरायचा. हे मला समजलं तेव्हा मी बरीच मोठी झाले होते, आणि समजल्यावर त्यांचा राग यायचा थांबला असंही नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र ते शंभर टक्के कार्लोस होते. राजा डॉक्टरांचं ऐकत नसे, गाऊटने तळमळत असताना खारवलेले मासे आणि थंडगार बिअर मागवायचा. सरांना डायबेटिस. काकू खजूर लपवायच्या, सर शोधायचे. एकदा शिकवणीच्या मध्येच त्यांनी बुटांच्या कपाटातून डबा काढला आणि मला म्हणाले, “काकूंना सांगू नकोस. आणि तू घे एक, म्हणजे सांगता येणार नाही.” आतून काकूंचा आवाज आला, “मोजलेले असत ते!” सरांनी अर्धा खजूर परत ठेवला.

मी पुण्याला जाऊन आर्किटेक्ट झाले आणि नोकरी धरून पुन्हा अल ऐनलाच आले. सरांचे केस पांढरे झाले होते, काकू काठी घेऊन चालत होत्या, आणि राज्यत्याग दरवर्षी नियमाने चालू होता. फक्त आता गावात जागा घेतलेली होती. काकूंच्या माहेरच्या गावात, रवळनाथाच्या देवळासमोर. मध्ये फक्त देवळाचं पटांगण.

“मला एक खिडकी हवी आहे,” सर मला म्हणाले. घर नव्हे, खिडकी. घर कसंही चालणार होतं.

कार्लोसने मठाला चिकटून घर बांधलं तेव्हा झोपायच्या खोलीतून चर्चमध्ये उघडणारी जागा ठेवली होती. दुखण्याने उठता आलं नाही तरी पलंगावरून वेदी दिसायची, प्रार्थना ऐकू यायची. सरांना तसंच हवं होतं. “हिचे गुडघे गेले. उद्या हिला उठता आलं नाही तर हिने पडल्या पडल्या देव बघितला पाहिजे. तेवढं एक मला हिला द्यायचं आहे, बाकी मी हिला आयुष्यात काय दिलं, सांग? एसी दिला.”

मग एका शुक्रवारी आम्ही त्यांच्या बेडरूममध्ये माप घेतलं. गावी गुरवाने टेप लावून देवाच्या पायरीची, चौथऱ्याची, डोळ्यांची उंची कळवली होती. काकूंना पलंगावर झोपवलं. सरांनी गाद्या एकावर दोन टाकल्या, मग एक काढली, कारण गावी जुनी गादी वापरणार होते. काकूंचा डोळा जमिनीपासून किती वर येतो ते मी टेपने मोजलं. सर रवळनाथाची तसबीर घेऊन पॅसेजच्या टोकाला स्टुलावर उभे राहिले. मधल्या दाराला मी दोरा बांधून खिडकीची खालची कड कुठे येईल ते दाखवत होते.

“दिसतोय?” सर ओरडले.

“मुकुट दिसता. डोळे खंय?”

“दोरा खाली घे! आता?”

“आता दिसता. तुमचा पोट पण दिसता.”

हसून हसून काकूंना ठसका लागला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्या पुन्हा आडव्या झाल्या आणि छताकडे बघत म्हणाल्या, “मेल्यार माका जमनीर ठेवतले, तेवा देव खयसून दिसतलो?” सरांना स्टुलावरून उतरायला वेळ लागला. ते येऊन पलंगाच्या कडेला बसले. मी दोऱ्याची गाठ सोडायला घेतली.

ती खिडकी मी माझ्या पगारी कामांपेक्षा मन लावून काढली. गुरवाने घर बांधून होईपर्यंत रोज फोनवर भिंत दाखवली. गल्फमधली सगळीच माणसं अशी फोनवरून घरं बांधतात, आणि प्लास्टरला भेग दिसली की दोन हजार किलोमीटरवरून ओरडतात. सर ओरडले नाहीत. त्यांनी खिडकीची कड तीनदा मोजून घेतली. घर झालं, गुरवाने पलंगाच्या जागी खुर्ची ठेवून, तिच्यावर फोन धरून दाखवलं. पटांगण, त्यापलीकडे देवळाचं उघडं दार, आत समई आणि तिच्यामागे देवाचे चांदीचे डोळे. काकूंनी अल ऐनमध्ये पदर डोळ्याला लावला. “आता जावया,” त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

तो मार्च होता. सरांनी वर्गात भाषण केलं. एप्रिलमध्ये मॅडमनी विचारलं आणि सर हो म्हणून आले.

त्या दिवशी मी त्यांच्या घरी होते. काकू भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ काढलं, मागची कळ फिरवून दीड तास मागे केलं आणि परत खिळ्याला टांगलं. घरातली दोन्ही घड्याळं पहिल्यांदाच एक वेळ दाखवायला लागली. सर ते बघत उभे होते. “अगो, एकच वर्ष,” ते म्हणाले. “राजासुद्धा राज्य सोडल्यावर लगेच नाही पोचला. त्याचं घर पूर्ण व्हायचं होतं म्हणून तो किती महिने दुसऱ्याच्या वाड्यात थांबला.”

“तुमचा घर झाला हा बांधून,” काकू म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.

सर मनातून फार खजील झाले असणार. कारण त्याच आठवड्यात त्यांनी देवस्थान कमिटीला फोन लावला. कमिटी कित्येक वर्षं सभामंडपासाठी पैसे गोळा करत होती. गावातून बाहेर गेलेल्या प्रत्येकाला फोन गेले होते, आणि गल्फवाल्यांना जरा जास्तच. सरांनी सगळा मंडप एकट्याने द्यायचं कबूल केलं, काकूंच्या नावाने. मी अभिनंदन केलं. ते म्हणाले, “मी एक वर्ष उशिरा येतोय ना, तेवढं देवाला.” त्यानंतरच्या एप्रिललाही ते हो म्हणाले, तेव्हा मंडपाला फरशीही त्यांनीच दिली. कमिटीने नकाशा पाठवू का विचारलं तर म्हणाले, “देवाच्या कामात आपण ढवळाढवळ करायची नाही.”

पुढच्या फेब्रुवारीत काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं, आणि मधूनच त्यांना वेळ-काळ आणि आपण कुठे आहोत तेही आठवेनासं झालं. मी हॉस्पिटलमध्ये जायचे तेव्हा सर त्यांचा हात धरून बसलेले असायचे. त्या मार्चला त्यांनी राज्य सोडलं नाही. शेवटच्या तासाला म्हणे त्यांनी मुलांना सेल्फ-स्टडी दिला. आणि एप्रिलमध्ये मॅडमनी विचारलं नाही. वयाची मर्यादा होती, नियम होता, इतकी वर्षं तो वाकवला होता, आता वाकत नव्हता. स्टाफरूममध्ये केक कापला. कुणीतरी “स्पीच, स्पीच” म्हणालं. सरांनी सगळ्यांकडे पाहिलं, “थँक यू, केक घ्या,” म्हणाले आणि खाली बसले. मला हे त्यांच्या जागी आलेल्या नव्या टीचरने सांगितलं. तिला वाटलं होतं, सर जरा अबोल आहेत.

जूनमध्ये मी त्यांना शारजा विमानतळावर सोडलं. गोव्याचं विमान होतं. गाडी मीच चालवली, त्यामुळे कुठल्याच राउंडअबाउटला दुसरा फेरा झाला नाही. काकू व्हीलचेअरवर बसून सगळीकडे टुकूटुकू बघत होत्या. मला वाटलं होतं, सर शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवतील. पण त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या मुठींवर होते. “येते एकदा खिडकी बघायला,” मी म्हणाले. “ये ये,” ते म्हणाले. “तुझंच काम आहे ते.” मग ते खुर्ची ढकलत आत गेले. परतीच्या वाटेवर मी गाडीत रडले. ते रडणं दुःखाचं नव्हतं, सुटल्यासारखं वाटत होतं. शेवटी पोचली एकदाची, असं.

नंतर बरेच दिवस सरांचा फोन नाही. मी केला तर “सगळं छान,” म्हणून ठेवून द्यायचे. शेवटी एका शनिवारी सकाळी मीच हट्टाने व्हिडिओ लावला. “सर, मला खिडकी दाखवा ना. पलंगावरून दाखवा.”

ते म्हणाले, “बघ,” आणि फोन फिरवला.

पलंग होता. काकू होत्या, उशीवर डोकं, तोंड खिडकीकडे. खिडकी माझ्या मापाने होती, कड बरोब्बर काकूंच्या डोळ्याच्या रेषेत. आणि खिडकीत, ह्या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, सिमेंटची भिंत होती.

“सभामंडप,” सर हळूच म्हणाले. “पटांगणभर आलाय. छान झालाय हो. आत हिच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. रस्ता बाजूने, म्हणून दारही बाजूने काढलं. ही त्याची पाठ.”

“पण गुरवाने सांगितलं नाही तुम्हाला?”

“त्याला वाटलं, पैसे ह्यांचेच म्हणजे ह्यांना माहीत असणार. तो आपला रोज गाभाऱ्यातून देव दाखवत राहिला. आम्हाला काय कळणार?” मग म्हणाले, “तुझं माप अचूक आहे, बरं का. इंचाचाही फरक नाही.”

मी भिंतीला जाळी पाडता येईल, वरून झरोका काढता येईल, असं काहीतरी आर्किटेक्टसारखं बोलायला लागले. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, “थांब, तू आहेस तो फोन ह्या टेबलावर ठेवतो. दर्शनाची वेळ झाली. बघ हवं तर.”

त्यांनी काकूंचा फोन खिडकीत, त्या भिंतीला पाठ करून उभा केला, आणि स्वतः तिसराच एक जुना फोन घेऊन बाहेर गेले. त्यांच्या चपलांचा आवाज अंगणातून, मग भिंतीच्या कडेने गेला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून घंटा ऐकू आली. खऱ्या घंटेचा आवाज भिंतीतून आला आणि लगेच मागोमाग तोच फोनमधून आला. फोनच्या काचेवर समई दिसली, तिच्यामागे चांदीचे डोळे. काकूंनी डावा हात उचलून कपाळाला लावला. तोंडावर समाधान होतं. अल ऐनच्या स्वयंपाकघरात असायचं तेच.

“कधी जावया गावाक?” त्यांनी अडखळत फोनमधल्या देवाला विचारलं.

फोनमधलं चित्र थोडं हललं. गाभाऱ्यातून सरांचा आवाज आला, फोनमधून आणि भिंतीतूनही.

“जूनला,” ते म्हणाले. “ह्या जूनला नक्की.”